चार फेजर आणि एक आधारस्वर: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गटाचा भावगीतांचा कार्यक्रम आहे आणि त्यातल्या दोन संथ गाण्यांत तंबोऱ्याऐवजी इलेक्ट्रिक गिटारचा आधारस्वर ठेवायचा, असे परवाच्या तालमीत ठरले. तंबोऱ्याची तार एकदा छेडली की जवारीमुळे तिचे उपस्वर एकामागून एक उजळतात आणि विझतात, म्हणून तोच षड्ज तासभर ऐकला तरी कान थकत नाही. गिटारच्या तारेत ही हालचाल मुळात नसते. वरचे उपस्वर आधी विरतात आणि मागे उरतो तो नुसता मंद होत जाणारा स्वर. ही हालचाल बाहेरून द्यायची, तर गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडायचे, आवाजात सतत सरकणाऱ्या खाचा पाडणारे फेजर हेच पेडल मला योग्य वाटते. कोरस या दुसऱ्या प्रकारच्या पेडलने स्वर सतत किंचित वरखाली होतो आणि गायिकेच्या षड्जाशी तो भिडतो. संथ गतीच्या फेजरमध्ये ही अडचण जवळजवळ येत नाही.

माझ्याकडे एमएक्सआरचा फेज ९० आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा स्मॉल स्टोन आणि बॉसचा पीएच-३ मित्रांनी दोन महिन्यांसाठी दिले आहेत. युनि-व्हाइबच्या धर्तीवरचे, आत खराखुरा दिवा असलेले एक पेडल मी मागच्या वर्षी वापरलेले विकत घेतले होते. याशिवाय फेज ९० च्या आराखड्यावरून सर्किटची एक पाटी स्वतः बांधणार आहे, कारण विकतच्या पेडलची चिरफाड करण्याची माझी तयारी नाही आणि आतले भाग बदलून पाहिल्याशिवाय कोणत्या भागाने आवाजात काय होते हे कळणार नाही.

९ जून २०२४

चारही पेडलांची घराणी वेगळी आहेत, त्यामुळे तुलनेआधी ती नोंदवून ठेवते.

युनि-व्हाइब हे जपानमधल्या शिन-एई कंपनीचे, १९६० च्या दशकाच्या अखेरचे. त्याचे आरेखन फुमिओ मिएदा यांचे. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर जिमी हेंड्रिक्सने ते वापरले आणि ते जगभर पोहोचले. त्यात मधोमध एक छोटा दिवा असतो, त्याच्याभोवती प्रकाशानुसार रोध बदलणारे चार एलडीआर असतात, आणि दिवा मंद-प्रखर होत राहिला की चारही टप्पे, म्हणजे आवाजाची फेज फिरवणारे भाग, एकदम सरकतात. फेज ९० हे अमेरिकेत रॉचेस्टर येथे कीथ बार यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तयार केले. त्यात एलडीआरऐवजी जेएफईटी, म्हणजे व्होल्टेजने रोध बदलता येणारे ट्रान्झिस्टर, आहेत आणि वर फिरवायला एकच बटण, गतीचे. एडी व्हॅन हेलनच्या गटाच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममध्ये ते ठळक ऐकू येते. स्मॉल स्टोन हे डेव्हिड कॉकरेल यांचे काम. त्यातले चारही टप्पे ओटीए प्रकारच्या (विजेच्या प्रवाहाने नियंत्रित होणाऱ्या अँप्लिफायरच्या) आयसीवर चालतात. ज्याँ-मिशेल जार यांनी १९७६ च्या ‘ऑक्सिजेन’मध्ये तंतुवाद्यांच्या आवाजाच्या ऑर्गनला ते जोडले होते, आणि आधारस्वराला फेजरने जिवंत ठेवण्याचे त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. बॉसने १९७७ मध्ये आपली पहिली तीन छोटी पेडले बाजारात आणली, त्यांतले एक फेजर होते. माझ्याकडे आलेला पीएच-३ त्याच घरातला पुढच्या काळातला डिजिटल वारस आहे आणि त्यात ४, ८, १० किंवा १२ टप्पे निवडता येतात.

१५ जून २०२४

आज वाद्याला हात लावला नाही; कागदावर हिशेब केला, आणि तो करायला हवाच होता.

फेजरचा प्रत्येक टप्पा म्हणजे सगळ्या कंप्रता सारख्याच ताकदीने पुढे पाठवणारा, पण त्यांची फेज, म्हणजे लहर किती पुढे वा मागे आहे ते, कमीअधिक फिरवणारा फिल्टर. एक टप्पा जास्तीत जास्त १८० अंश फिरवतो आणि स्वतःच्या मध्यकंप्रतेला बरोबर ९० अंश. फिरवलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये समसमान मिसळला की ज्या कंप्रतेला एकूण फरक १८० किंवा ५४० अंश होतो, तिथे दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि आवाजात खाच पडते. म्हणून दोन टप्प्यांना एक खाच, चारांना दोन, सहांना तीन.

इथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. खाचा नेमक्या कुठे पडतात, याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. चारही टप्पे एकसारखे असले, तर पहिली खाच मध्यकंप्रतेच्या ०.४१४ पटीवर आणि दुसरी २.४१४ पटीवर पडते. मध्य ८०० हर्ट्झ धरला, तर ३३१ आणि १९३१ हर्ट्झ. दोन खाचांमधले अंतर अडीच सप्तकांच्या आसपास, आणि झोका, म्हणजे खाचांचे हे मंद सरकणे, कितीही वर गेला वा खाली आला तरी ते बदलत नाही. फेज ९० आणि स्मॉल स्टोन ऐकताना जी ओळखीची सळसळ जाणवते, ती याच जोडीने सरकणाऱ्या खाचांची.

युनि-व्हाइबमध्ये मात्र चार टप्प्यांचे कपॅसिटर मुद्दाम वेगवेगळे ठेवले आहेत: १५ नॅनोफॅरड, २२० नॅनोफॅरड, ४७० पिकोफॅरड आणि ४.७ नॅनोफॅरड. चारही एलडीआरचा रोध सारखाच धरून मी गणित मांडले, तेव्हा दोन खाचांमधले अंतर ५.७ सप्तके आले. ही बेरीज मी तीनदा तपासली. याचा अर्थ असा, की खालची खाच १०० हर्ट्झवर असेल तेव्हा वरची ५२९० च्या आसपास असते, आणि गिटारच्या स्पीकरचा आवाज ५ हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्याने ढासळतो. म्हणजे चार टप्पे असूनही कानाला बहुतेक वेळ एकच रुंद खाच मिळते. हे पेडल सळसळत नाही, धडधडते, असे वादक म्हणतात. त्याचे कारण मला आज प्रथमच आकड्यांत दिसले.

तेव्हा पेडलवर लिहिलेल्या टप्प्यांच्या संख्येवरून तुलना करायची नाही, खाचा कुठे पडतात यावरून करायची, हा या प्रकल्पाचा पहिला नियम.

२२ जून २०२४

स्वतःच्या पाटीसाठी जेएफईटी जुळवले. फेज ९० मध्ये चार जेएफईटी एकाच नियंत्रक व्होल्टेजवर चालतात, त्यामुळे ते एकमेकांशी जुळलेले नसले तर एक टप्पा पुढे आणि दुसरा मागे राहतो आणि खाच उथळ होते. मूळ आराखड्यातला २एन५९५२ हा क्रमांक आता सहज मिळत नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन संध्याकाळी फिरून ३० नग आणले. घरी ९ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर एवढ्यावर प्रत्येकाचे बंद होण्याचे व्होल्टेज मोजले. एका दुकानातून घेतलेल्या १२ नगांपैकी ५ तर जेएफईटीच नव्हते. वर क्रमांक छापलेला होता, आत साधा ट्रान्झिस्टर होता. हे मोजले नसते तर पाटीतला दोष शोधण्यात आठवडा गेला असता, आणि दोष पाटीत नव्हताच.

मोजताना एक गोष्ट लक्षात आली. नग बोटांत धरून मोजला तर आकडा सरकतो, कारण बोटाच्या उबेने जेएफईटी तापतो. म्हणून प्रत्येक नग चिमट्याने लावला, अर्धे मिनिट थांबले आणि मगच आकडा लिहिला. शेवटी ०.०३ व्होल्टच्या आत बसणारे चार मिळाले, आणि पाचवा राखीव म्हणून वेगळ्या पुडीत ठेवला.

२९ जून २०२४

पाटी बांधून झाली. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा गिटारचा आवाज जसाच्या तसा बाहेर आला, झोका काही ऐकू आला नाही. अशा वेळी पाटीवरचा ट्रिमर शोधावा लागतो. जेएफईटींना योग्य बिंदूवर बसवणारे ते एवढेसे पांढरे चाक. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ते केसाएवढे फिरवत गेले. बराच वेळ काही नाही, मग अचानक खालच्या बाजूने एक श्वास आल्यासारखे वाटले, अजून जरा फिरवल्यावर तो श्वास दोन्ही बाजूंना सारखा मोकळा झाला, आणि आणखी थोडे पुढे जाताच एका टोकाला अडकून बसला. या सगळ्या प्रवासाला चाकाची जेमतेम वीस अंशांची हालचाल पुरते. मधला बिंदू धरून मी शाईने खूण केली. विकतचे पेडल मलूल वाटत असेल, तर ते निकामी ठरवण्याआधी हा ट्रिमर एकदा पाहून घ्यावा.

पाटीवर एक टॉगल बटणही बसवले आहे. सुरुवातीच्या फेज ९० वर कंपनीचे नाव वळणदार अक्षरांत होते. पुढे ठोकळ्यासारखी अक्षरे आली आणि त्याबरोबर आतल्या मार्गात फीडबॅकचा, म्हणजे बाहेर निघालेल्या सिग्नलचा काही भाग पुन्हा आत पाठवणारा, एक रेझिस्टर वाढला. माझे बटण हाच रेझिस्टर जोडते किंवा तोडते. दोन काळांचे पेडल एकाच पाटीवर ऐकता यावे, एवढाच हेतू.

६ जुलै २०२४

आजच्या सर्व ध्वनिमुद्रणांवर काट मारली. प्रत्येक पेडलला हुबेहूब तीच वाजवणी मिळावी म्हणून मी गिटार आधी थेट संगणकात मुद्रित करून, तोच सिग्नल इंटरफेसमधून (संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीतून) पुन्हा पेडलांत पाठवत होते. पद्धत बरोबर होती, पण सिग्नलची पातळी चुकली. इंटरफेस बाहेर देतो ती लाइन पातळी गिटारपेक्षा कितीतरी मोठी, आणि जेएफईटीवर मोठा सिग्नल पडला की तो साध्या रोधासारखा वागत नाही, आवाज खरखरीत होतो. दुपारभर मी फेज ९० ला ‘उबदार’ असे लिहून ठेवत होते. ती ऊब प्रत्यक्षात माझ्या चुकीच्या पातळीची होती. आता मध्ये पातळी उतरवणारी रीअँप पेटी लावली आहे आणि गिटार थेट जोडली असता जेवढी पातळी येते तेवढीच येते, हे मीटरवर पाहून घेतले आहे.

१४ जुलै २०२४

फेजरच्या तुलनेतली खरी अडचण पातळीपेक्षा खोल आहे. संथ गतीवर एक झोका सात-आठ सेकंदांचा असतो. दोन पेडलांवर तोच सूर वाजवला आणि त्या क्षणी एक झोक्याच्या तळाशी व दुसरे माथ्यावर असेल, तर आपण पेडलांची नव्हे, झोक्याच्या दोन जागांची तुलना करतो. दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांवरून दिलेली मते मला आता पटत नाहीत, ती याच कारणाने.

म्हणून माझ्या पाटीवर झोका गोठवला. मंद लहर निर्माण करणारा भाग जेएफईटींपासून तोडला आणि त्याच्या जागी एका पोटेन्शिओमीटरने हाताने व्होल्टेज दिले. आत पांढरा गोंगाट, म्हणजे सगळ्या कंप्रता सारख्याच ताकदीच्या असलेला आवाज, सोडला आणि बाहेर आलेला आवाज संगणकावर आलेखात पाहिला. जेएफईटी पूर्ण बंद असताना टप्प्याचा रोध २४ किलोओम आणि कपॅसिटर ४७ नॅनोफॅरड, म्हणजे मध्यकंप्रता १४१ हर्ट्झ; हिशेबाने खाचा ५८ आणि ३४० वर यायला हव्यात. आलेखात त्या ६१ आणि ३५२ वर दिसल्या. व्होल्टेज बदलून वर नेल्या तेव्हा १९० आणि १११० वर आल्या. दोन्ही वेळा गुणोत्तर सहाच्या किंचित खाली. कागदावरचे अंतर पडद्यावर तसेच उमटलेले पाहून फार समाधान वाटले.

मग फीडबॅकचे बटण टाकले. खाचांच्या जागा जवळपास तशाच राहिल्या, पण त्यांच्या मधोमध, बरोबर मध्यकंप्रतेवर, आलेख उंचावून टोकदार झाला. म्हणजे फीडबॅक असलेले पेडल ऐकताना कान खाचेमागे जात नाही, तो या फिरत्या उंचवट्यामागे जातो. हा उंचवटा झोक्याबरोबर वरखाली फिरताना गाण्याच्या शब्दांच्या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा जातो, आणि गायिकेच्या मागे वाजवायचे असेल तर नेमकी हीच गोष्ट मला नको आहे.

स्मॉल स्टोनचा झोका गोठवणे शक्य नव्हते, त्यामुळे सर्वांत संथ गतीवर लांब मुद्रण करून त्यातले क्षण वेगळे काढले. कलर बटण खाली असताना खाचा मऊ, वर असताना उंचवटा स्पष्ट, माझ्या पाटीच्या दोन अवस्थांसारखाच फरक. दिव्याच्या पेडलमध्ये अपेक्षेप्रमाणे एकच खाच पडद्यावर फिरत राहिली, आणि तिची चाल सारखी नव्हती: दिव्याला आणि एलडीआरला उजळण्या-विझण्यात वेळ लागतो, त्यामुळे एका बाजूला ती लवकर जाते आणि दुसऱ्या बाजूने रेंगाळत परतते. श्वास घेणे आणि सोडणे जसे सारखे नसते, तसे.

२१ जुलै २०२४

गटाला ऐकवले. सर्व मुद्रणांची पातळी आधी जुळवली, कारण मागच्या रविवारी न जुळवता ऐकवले तेव्हा तिघांनीही सर्वांत मोठ्या आवाजाचे पेडल निवडले होते. पेडलांची नावे सांगितली नाहीत.

गायिकेचा षड्ज काळी पाच, म्हणून गिटारवर त्याखालचे सप्तक, ११६.५ हर्ट्झ, आणि सोबत पंचम असा आधारस्वर वाजवला होता. गायिकेने डोळे मिटून चारही मुद्रणांवर गाऊन पाहिले आणि पीएच-३ च्या बारा टप्प्यांच्या मुद्रणावर मध्येच थांबली. म्हणाली, “ताई, हे छान आहे, पण हेच गातंय. मी कुठे गाऊ?” आठ टप्प्यांबद्दलही तिचे तेच मत. सहा खाचा एकदम सरकत असताना आवाजाचा एकही भाग स्थिर राहत नाही, त्यामुळे आधार उरत नाही. हे पेडलचे उणेपण नव्हे. वाद्य एकटे पुढे असताना हाच आवाज मला हवा असेल. तबलजींना फेज ९० आवडले. बेसवादकाने दिव्याचे पेडल निवडले आणि कारण असे सांगितले, की त्याच्या खालच्या स्वरांत ते ढवळाढवळ करत नाही.

त्यांचे म्हणणे ऐकताना माझ्या हिशेबातली एक त्रुटी दिसली. खाच दिसते पांढऱ्या गोंगाटात, पण ऐकू येते ती जिथे आवाज आहे तिथेच. ११६.५ हर्ट्झच्या तारेचे उपस्वर दर ११६.५ हर्ट्झवर, म्हणजे ५ हजारांपर्यंत ४२. खाच सरकताना तिला सतत काही ना काही सापडते आणि झोका अखंड वाटतो. उलट उघड्या वरच्या तारेचे, ३३० हर्ट्झचे, उपस्वर इतके विरळ असतात की खाच बराच वेळ दोन उपस्वरांच्या मधल्या रिकाम्या जागेत असते, आणि मग एखादा उपस्वर एकदम गायब होतो. त्या तारेवर अरुंद खाचेचे पेडल गचके देते, आणि दिव्याच्या पेडलची रुंद खाच मात्र तिथेही हळुवार जाते.

२७ जुलै २०२४

तिसऱ्या, द्रुत गाण्यात ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारे पेडल, आहे, म्हणून पेडलांचा क्रम पाहिला. फेजर आधी आणि ओव्हरड्राइव्ह नंतर असेल, तर ओव्हरड्राइव्ह नवे उपस्वर तयार करून खाचा अंशतः बुजवतो. झोका आतून जाणवतो, वर येत नाही. उलट क्रमात खाचा भरगच्च आवाजातून स्वच्छ कापत जातात. मला पहिला क्रम आवडला, आणि तिथे माझी पाटी, फीडबॅक तोडलेली, इतर सर्वांपेक्षा सरस ठरली. दिव्याचे पेडल याच जागी गढूळ वाटले.

४ ऑगस्ट २०२४

शेवटची जुळणी. संथ गाण्यांना दिव्याचे पेडल, द्रुत गाण्याला माझी पाटी. स्मॉल स्टोन आणि पीएच-३ आज परत केले. स्मॉल स्टोन परत देताना मन थोडे रेंगाळले. कलर बटण खाली ठेवून मिळणारा त्याचा मऊ आवाज दुसरा क्रमांक मिळवण्याच्या फार जवळ होता.

दिवा बरीच वीज घेतो आणि एकाच अडॅप्टरवरून सर्व पेडले चालवली, तर त्याची धडधड इतरांत बारीक टकटक होऊन उतरते. त्याला वेगळा, इतरांपासून विलग असलेला पुरवठा दिल्यावर टकटक गेली. त्या पेडलवर मिश्रणाऐवजी केवळ फिरवलेला सिग्नल देणारी व्हायब्रॅटोची अवस्था आहे. त्यात खाच नसते, फक्त स्वर हलतो. मंचावरच्या अंधारात पाय चुकून लागू नये म्हणून ते बटण चिकटपट्टीने बंद केले आहे.

पहिल्या गाण्याची लय मिनिटाला ९६ मात्रा, म्हणजे केरव्याचे आवर्तन पाच सेकंदांचे. झोका पाच सेकंदांवर बसवला, तेव्हा दर समेला आवाज एकाच जागी येऊ लागला आणि तालमीत तो आघातासारखा भासला. तो सात सेकंदांवर नेल्यावर झोका तालापासून सुटला आणि तंबोऱ्यासारखा मागे राहिला. गतीच्या बटणावर त्या जागी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला आहे.